न्युर्नबर्गचा चढ आणि अण्णांचे पाच थांबे

अण्णा पहिल्याच फोनवर "येतो" म्हणाले, तिथेच मला शंका यायला हवी होती.

माझे वडील लगेच "येतो" म्हणणाऱ्यांतले नाहीत. ते पाथरवट. कोल्हापूरजवळच्या आमच्या गावी आणि आसपास देवळांचं दगडकाम करतात. माझ्या पदवीदानाला ते आले नव्हते, कारण त्याच दिवशी एका देवळाचा कळस चढायचा होता. आमच्या घरात तोवर कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं, तरी कळसच जिंकला. सिंगापूरला नोकरी लागल्यावर तीन वर्षांत मी त्यांना चार वेळा बोलावलं. चारही वेळा एकच उत्तर, "हातातलं काम आटपू दे." या वेळी मी भीत भीतच म्हटलं, "अण्णा, सप्टेंबरात ऑफिस मला जर्मनीला ट्रेनिंगला पाठवतंय. तुम्ही आधी इकडे या, मग दोघं मिळून जाऊ."  अण्णा लगेच म्हणाले, "येतो. तिकीट काढ."

मी इतकी खूश झाले की हातातल्या कामाचं काय झालं, हे विचारायचं राहूनच गेलं.

ज्यांना आईवडिलांना असं न्यायचं आहे त्यांच्यासाठी एक सांगते. युरोपचा व्हिसा अण्णांनी मुंबईतून काढला, सिंगापूरला येण्याच्या आधी. पाहुणा म्हणून इथे आल्यावर इथून अर्ज करता येईल या भरवशावर राहू नका. व्हिसासाठी प्रवासविमा लागतो आणि विम्याच्या अर्जात आधीच्या आजारांचा रकाना असतो. मी फोनवर विचारलं, "काही दुखणं आहे का?" माझा प्रश्न संपायच्या आत अण्णा म्हणाले, "न्हाई. न्हाई म्हणून लिही." मी लिहिलं. सही माझी नव्हती, पण अक्षर माझं होतं.

सिंगापूरच्या पुंगोल भागात मी एका पुण्याच्या कुटुंबाकडे खोली घेऊन राहते. घरच्या मुग्धाताईंनी अण्णांसाठी मुलीची खोली रिकामी करून दिली. मुलगी इरा, सहा वर्षांची. तिने आठवडाभर अण्णांना कालव्याकाठच्या रस्त्यावर फिरवून आणलं आणि एका संध्याकाळी मला अहवाल दिला, "मावशी, आजोबा एव्हरी बेंच ऑल्सो सिट लाह." म्हणजे दिसेल त्या प्रत्येक बाकावर बसतात.

"अगं, गावाकडची माणसं निवांत असतात," मुग्धाताई हसून म्हणाल्या.

पण अण्णा निवांत कधीच नव्हते. लहानपणी त्यांच्याबरोबर चालताना मला पळावं लागायचं. आणि आता जेमतेम दहा मिनिटांच्या अंतरावरच्या हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांकडे, जायचं तरी ते म्हणत, "ती छोटी गाडी जाती की तिकडं, तिनं जाऊ." म्हणजे आमच्या भागात फिरणारी छोटी ट्रेन. मी भाऊ संतोषला फोन केला. तो म्हणाला, "काय नाय गं ताई, वय झालं आता." अण्णा छप्पन्न वर्षांचे आहेत. संतोषला खोटं बोलता येत नाही. तो खोटं बोलायला लागला की मध्येच जेवणाचं काढतो. त्याने लगेच विचारलं, "जेवलीस का?"

सोमवार ते शुक्रवार माझं ट्रेनिंग न्युर्नबर्गपासून वीस मिनिटांवरच्या गावात होतं. माझं काम सॉफ्टवेअर तपासायचं, म्हणजे दुसऱ्याने "सगळं ठीक आहे" म्हणून दिलेल्या गोष्टीत काय बिघडलंय ते शोधायचं. दिवसभर मी तेच करत होते आणि अण्णा गेस्टहाउसशेजारच्या दफनभूमीत थडग्यांचे दगड बघत बसत होते. संध्याकाळी सांगायचे, "कोपरे लई सुबक काढल्यात."

शनिवार मोकळा होता. हा लेख त्या शनिवारचा आहे.

सकाळी नऊच्या गाडीने निघालो. दोघांना मिळून एकच दिवसाचं तिकीट निघतं, त्यात ट्रेन, बस, मेट्रो सगळं येतं, आणि शनिवारी काढलं तर तेच रविवारीही चालतं. तिकीट मशीनमधून निघालं, पण ते कुठे दाखवायचं तेच कळेना. आम्हा सिंगापूरकरांना कार्ड टेकवून फाटक उघडायची सवय. इथे फाटक नाही, माणूस नाही, सरळ प्लॅटफॉर्म.

"मग तिकीट कशाला काढलंस?" अण्णांनी विचारलं.

"मध्येच येऊन तपासतात म्हणे."

"म्हंजे भरवसा बी ठेवत्यात आणि डोळा बी ठेवत्यात."

आमच्या डब्यात कुणी तपासायला आलं नाही. मी मात्र वीस मिनिटं तिकीट मुठीत धरून बसले होते.

न्युर्नबर्ग स्टेशनच्या बाहेर पडलं की समोरच जुन्या शहराची तटबंदी आणि एक जाडजूड गोल बुरूज आहे. आत शिरलं की तांबूस दगडाच्या इमारती, उतरत्या लाल छपरांची घरं आणि फरसबंदी रस्ता. मी वाचून गेले होते. मध्ययुगातलं शहर, सम्राटांचं शहर, कारागिरांचं शहर. अण्णांना हे दाखवायचं हे मी महिनाभर मनात धरलं होतं. दगडात आयुष्य गेलेल्या माणसाने एकदा तरी दुसऱ्या देशातला दगड बघावा, एवढी साधी इच्छा होती माझी.

अण्णांनी पहिल्या भिंतीवर हात फिरवला, नखाने कण खरवडून बोटांत चोळला आणि म्हणाले, "वाळूचा दगड. आपल्याकडं राजस्थानातनं गुलाबी येतो, त्याचाच भाऊ." मग चार पावलं पुढे गेले, मान वर केली आणि म्हणाले, "हे नवं हाय."

"काय नवं?"

"ही भिंत. ती पलीकडची. ते घर."

"अण्णा, सातशे-आठशे वर्षांचं शहर आहे."

"असंल. पण ही भिंत तुझ्या आजोबाच्या वयाची हाय." मग त्यांनी मला जवळ ओढून दाखवलं. जुन्या चिऱ्यांच्या बरोबर मध्ये एकेक लहान भोक होतं. "हे बघ. मोठ्या चिमट्यात धरून वर उचललाय दगड. चिमटा रुतायला भोक पाडलंय. आता त्या दगडात बघ. हाय का भोक? धार बी कशी हाय, नुसती कापून ठेवल्यावानी."

मी स्टेशनवरून घेतलेलं माहितीपत्रक तिथेच उभी राहून वाचलं. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या बॉम्बफेकीत जुनं शहर बहुतेक सगळं पडलं आणि नंतर पुन्हा बांधलं गेलं. म्हणजे अण्णा बरोबर होते. मला उगाच फसवल्यासारखं वाटलं. त्यानंतर मी प्रत्येक गोष्टीकडे संशयाने बघू लागले. दोन मनोऱ्यांचं मोठं चर्च आलं, अण्णा म्हणाले, "खालचं जुनं, वरचं बरंचसं नवं." चौकातलं सोनेरी कारंजं आलं, त्याच्या जाळीतली कडी फिरवली की मनातलं होतं म्हणून लोक रांग लावून उभे होते. माहितीपत्रक म्हणालं, कारंजं प्रतिकृती आहे. मी कडी फिरवली नाही.

"सगळंच खोटं निघालं की हो अण्णा," मी म्हटलं.

"खोटं कसं? पडलं, पुन्हा बांधलं. त्येंनी लिवलंय न्हवं का कागदावर? लपवलं असतं तर खोटं."

हे ते सहज बोलले. मीही तेव्हा सहजच ऐकलं.

दुपारी चौकातल्या बाजारात खाल्लं. इथे बोटाएवढे सॉसेज तीन-तीन करून पावात घालून देतात, दोन-तीन युरोत पोटाला आधार होतो. पण शनिवार असल्यामुळे अण्णांना चालणार नव्हतं. त्यांना मोठा ब्रेझेल घेऊन दिला. गाठ मारलेल्या पावासारखा असतो, वर मिठाचे खडे. अण्णांनी सगळे खडे नखाने उडवले आणि चहात बुडवून खाल्ला. दुकानदारीण बघतच राहिली.

"पटलं न्हाई वाटतं बाईला," अण्णा म्हणाले.

"तुम्ही तिच्या पावाचं टोस्ट-बटर केलंत."

"चहात बुडत न्हाई ते खायचं कशाला?"

बाजारातून किल्ल्याकडे निघालो तर वाटेत एका जुन्या भिंतीला परांची बांधलेली होती. वर एक तरुण मुलगी दगड दुरुस्त करत होती. ग्राइंडर हातात, तोंडावर दोन्ही बाजूंना डबे असलेला मोठा मास्क, आणि ग्राइंडरलाच एक जाड नळी जोडलेली, ती खालच्या मशीनमध्ये जात होती. धूळ उडायच्या आत नळी ओढून घेत होती. अण्णा थांबले. बराच वेळ थांबले. आधी मुलगी दगडकाम करतेय याचं त्यांना कौतुक वाटत असावं असं मी समजले.

"विचार तिला, ते तोंडावरचं रोज लावावं लागतं का?"

ती खाली पाणी प्यायला आली तेव्हा मी इंग्रजीत विचारलं. ती म्हणाली, रोज, नाहीतर साहेब कामावर घेत नाही.

"आणि हाताखालच्या पोरांना बी देत्यात?"

मी विचारलं. ती म्हणाली, सगळ्यांना.

अण्णा मान हलवत राहिले आणि मग भिंतीकडे बघत, मला उद्देशून नव्हे, असं म्हणाले, "काळा दगड मनगट मोडतो. ह्यो दगड छातीत जाऊन बसतो."

मी त्यांच्याकडे वळले. ते पुढे चालायला लागले होते.

न्युर्नबर्गचा किल्ला शहराच्या टोकाला, उंचावर आहे. चढ फार लांबचा नाही, तरुण माणसाला बाजारातून दहा-पंधरा मिनिटं पुरतात, पण रस्ता गोट्यांचा आणि चांगला उभा आहे. आम्हाला पाऊण तास लागला. कारण अण्णा वाटेत पाच वेळा थांबले.

पहिल्यांदा थांबले ते एका दरवाज्याच्या कमानीपाशी. "कमानीचा मधला दगड बघ कसा बसवलाय." मी बघितला. खरंच सुंदर होता. दुसऱ्यांदा एका पायरीपाशी, झिजलेली पायरी होती, तेही ठीक. तिसऱ्यांदा एका चिऱ्यावर कुणा जुन्या कारागिराची खूण कोरलेली होती, त्याचा मी फोटोही काढला. चौथ्यांदा ते एका घराच्या भिंतीला तळहात टेकून, मान खाली घालून उभे राहिले.

"हिच्यात काय आहे, अण्णा?"

"बघतोय. दरज बघतोय."

भिंतीला गिलावा होता. पिवळा, नवा, गुळगुळीत गिलावा. दरज म्हणजे दोन दगडांमधला सांधा, आणि तो दिसायला त्या भिंतीत एकही दगड उघडा नव्हता.

 ऑफिसात आम्ही म्हणतो, एकदा झालं तर योगायोग, पुन्हा पुन्हा झालं तर बिघाड. मी मनातल्या मनात मागे जाऊ लागले. हॉकर सेंटरची छोटी गाडी, कालव्याचे बाक, दफनभूमीतले तासन्‌तास, संतोषचं जेवलीस का. पाचव्या थांब्याला मी त्यांच्या भिंतीकडे बघितलंच नाही, त्यांच्या खांद्यांकडे बघत होते. ते वर-खाली होत होते.

किल्ल्यात महाल-संग्रहालयासकट मोठं तिकीट आहे. फक्त विहीर आणि बुरूज बघायचा असेल तर स्वस्तातलं, साडेतीन युरोचं मिळतं. आम्ही ते घेतलं. बुरुजाच्या पायऱ्या बघून अण्णा म्हणाले, "तू जा, मी बसतो." मी म्हटलं, "नको, विहीर बघू." विहिरीचं छोटं दगडी घर आहे. आत वीस-पंचवीस माणसं मावतात. आत गेल्यावर दार लावून घेतात. मार्गदर्शक बाईंनी आधी तबकात मेणबत्त्या ठेवून दोरीने खाली सोडल्या. ज्योती लहान लहान होत ठिपक्यांएवढ्या झाल्या, तरी तळ येईना. जवळजवळ पन्नास मीटर खडकात खोदलेली विहीर आहे ती, हाताने. अण्णा कठड्यावर वाकून बघत होते आणि त्या दिवसात पहिल्यांदाच त्यांना काही शंका नव्हती. "हे खरं हाय," ते हळूच म्हणाले.

मग बाईंनी पाण्याचा तांब्या उचलला आणि ओठांवर बोट ठेवलं. पाणी खाली पोचल्याचा आवाज ऐकू यावा म्हणून सगळ्यांनी शांत राहायचं होतं. त्यांनी पाणी ओतलं. सगळ्यांनी श्वास रोखला. एक लहान मूलसुद्धा हललं नाही.

आणि त्या शांततेत मला अण्णांची छाती ऐकू आली. आत जाताना शिट्टीसारखा बारीक आवाज आणि बाहेर येताना वाळू चाळल्यासारखा. त्यांनाही श्वास रोखायचा होता, पण त्यांना तो रोखता येत नव्हता. समोरच्या एका म्हातारीने मान वर करून आमच्याकडे बघितलं. खालून पाण्याचा आवाज आला तेव्हा सगळे हसले, पुटपुटले. पाणी किती वेळाने पोचलं ते मला ठाऊक नाही.

बाहेर किल्ल्याच्या गच्चीसारख्या मोकळ्या जागेवर कठडा आहे. तिथून सगळं शहर दिसतं, लाल छपरंच छपरं. आम्ही तिथे बसलो.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"कशाला?"

"अण्णा."

ते छपरांकडे बघत राहिले. "दोन वर्सं."

"डॉक्टरला दाखवलंय?"

"दाखवलंय. फोटो काढलाय छातीचा. गावाकडं पेटीत हाय."

"संतोषला माहीत आहे."

"त्येला शपथ घातलीय. त्येला काय बोलू नगंस."

"काळा दगड होता तोवर नव्हतं हे."

"काळा दगड आता कोण मागतंय? सगळ्यांस्नी गुलाबी देऊळ पायजे. बारा वर्सं झाली. ट्रक येतो, मशीन लावायची, कापायचं. धुरळा असा, की समोरचा माणूस दिसंना."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

उत्तरही त्यांनीच दिलं. "नोकरी टाकून आली असतीस. आणि येऊन काय, माझी पाठ चोळत बसली असतीस? त्यासाठी शिकवली न्हाई तुला."

"सकाळी तुम्हीच म्हणालात, लपवलं तर खोटं."

"ते भिंतीचं म्हणालो."

मला रडू यायला हवं होतं, पण राग आला. या माणसाने माझ्या हातून विम्याच्या अर्जावर खोटं लिहून घेतलं होतं. आणि सिंगापुरात ऑफिसला जाता-येता ट्रेनमध्ये बसून मी वर्षभर इतरांना प्रामाणिकपणावर उपदेश करणारे असेच लेख लिहीत होते. आणि खरं सांगायचं तर रागाच्या खाली आणखी एक गोष्ट होती. ते म्हणाले तशी मी नोकरी टाकून गेले असते का, याची मला खात्री नव्हती. अण्णांना माझ्याबद्दल जेवढी खात्री होती तेवढी मला स्वतःबद्दल नव्हती.

"मग या वेळेला लगेच येतो का म्हणालात?"

"चालता येतंय तवर चालून घ्यावं म्हणलं," ते म्हणाले, आणि लगेच विषय बदलल्यासारखं, "ती पोरगी चांगली काम करत हुती."

आमचा तिथेच एक करार झाला. मी नोकरी सोडायची नाही. त्यांनी ग्राइंडर सोडायचा. गावी हातात असलेल्या देवळाचं अर्धं काम बाकी आहे, ते संतोष आणि पोरांनी पुरं करायचं, अण्णांनी लांब खुर्चीत बसून फक्त सांगायचं. अण्णा "व्हय" म्हणाले. इतक्या लवकर "व्हय" म्हणाले की माझा विश्वास बसला नाही.

खाली उतरताना मी टॅक्सी बोलावली. ज्यांच्याबरोबर वडीलधारी माणसं आहेत त्यांनी वर जातानाच बोलवावी. आणि त्यांचा थांबा भिंतीपाशी असेल तर एकदा भिंतीकडे नीट बघा.

सिंगापूरला परतल्यावर पाया लेबार भागातल्या माझ्या ऑफिसजवळच्या एका क्लिनिकमध्ये अण्णांना नेलं. पाहुण्यांना इथे सगळं महाग पडतं, तेवढ्यासाठी मी त्या महिन्यात बाकी कशावरही खर्च केला नाही. म्हातारे चिनी डॉक्टर होते. त्यांनी छातीचा नवा एक्स-रे दिव्यावर लावला, बराच वेळ बघितला आणि मला विचारलं, वडील काय काम करतात. मी म्हटलं, "कन्स्ट्रक्शन."

अण्णांना तेवढा शब्द कळला. "कन्स्ट्रक्शन न्हाई," ते मला म्हणाले. "दगड म्हण. वाळूचा दगड. मशीननं. कोरडा, पाणी न मारता. बारा वर्सं. तोंडाला काय न लावता. हे सगळं सांग त्येला." मी एकेक करून सांगितलं. डॉक्टर लिहीत होते. ते म्हणाले, झालंय ते मागे जात नाही, पण आजपासून धूळ बंद केली तर पुढचं सावकाश होईल. अण्णांनी विचारलं, "काय म्हणाला?" मी जसंच्या तसं सांगितलं. एकही शब्द गाळला नाही.

या सहलीचं काय उरलं असं मला मैत्रिणी विचारतात. तिसऱ्या थांब्याला काढलेला कारागिराच्या खुणेचा फोटो माझ्या फोनमध्ये आहे. न्युर्नबर्ग बघण्यासारखं आहे, नक्की जा, एक पूर्ण दिवस पुरतो, विहीर चुकवू नका. पण जुन्या शहरात हिंडून माझ्यात जे उरलं ते म्हणजे संशय, आणि तो मला सोडायचा नाही. प्रेमाने बघायचं म्हणजे विश्वास ठेवायचा असं मी आजवर समजत होते. आता मी तपासते.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉल केला तेव्हा मागे ग्राइंडर नुकताच बंद झाला होता. अण्णा प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले.

"कोण चालवत होतं?"

"संत्या. दुसरं कोण?"

"संतोष कुठे आहे?"

"जेवायला गेलाय."

"हात दाखवा, अण्णा."

"काय पोरगी हाय," ते कुणाला तरी म्हणाले, पण दोन्ही हात कॅमेऱ्यासमोर धरले. कण नव्हता कुठे. स्वच्छ होते. आणि ओले होते.

मी पुढच्या महिन्याचं तिकीट काढलंय. नोकरी सोडलेली नाही, आठ दिवसांची रजा आहे. करार मी पाळतेय. घरी कळवलेलं नाही. संतोष हे वाचत असेल तर त्याने गप्प बसावं. त्याला सवय आहे.